नाग नदीचं पाणी, वावरातलं औषध अन् ताटातला मासा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात एका लॅबमधे सॅम्पल तयार करायचं काम करतो, म्हणजे मासा कापणं, वाळवणं, ॲसिडमधे विरघळवणं, नळ्यांवर नंबर टाकणं. सायंटिस्ट वगैरे नाही. पण लग्नात, पानठेल्यावर, व्हॉट्सॲपवर सगळीकडे तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय, आता कोणी विचारलं की हेच पाठवून देईन.

मासे अन् शेती हे दोन वेगळे विषय नाहीत का?

पाण्याला विचारा. नाग नदी लावा गावाच्या टेकड्यांकडून निघते, अंबाझरीवरून शहरात शिरते, पुढे पिवळी नदी तिला मिळते, मग ती कन्हानमधे जाते, कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेत, अन् खाली गोसेखुर्दचं धरण. या सगळ्या वाटेत दोन्ही बाजूंना काय आहे? आधी शहर, मग पऱ्हाटी म्हणजे कापूस, सोयाबीन, तूर, मिरची, धानाच्या बांध्या. पाऊस पडला की धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, जे वाहतं ते नाल्यात, नाल्यातलं नदीत, नदीतलं धरणाच्या गाळात, अन् गाळातलं माशात. मासा म्हणजे वरच्या सगळ्या वावरांचा सातबाराच आहे, फक्त त्यावर तलाठ्याची सही नसते.

गंमत म्हणजे नागपुरात नीरी, म्हणजे पर्यावरणावरची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, १९५८ पासून. अमरावती रोडवर माती सर्वेक्षणाचं राष्ट्रीय ब्युरो आहे, लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था आहे, वर्धा रोडवर कापसाची आहे, उपग्रहाच्या चित्रांवर काम करणारं राज्याचं केंद्र आहे. एवढं सगळं एकाच शहरात असून मातीवाला अन् मासेवाला एका टेबलावर बसलेले मी तरी फार कमी वेळा पाहिले.

नाग नदीतला मासा खावा का?

नाही. शहराच्या आतल्या नाग नदीत मासा जगला तरी नशीब, जगला तर तो बहुतेक कमी ऑक्सिजनमधे तग धरणारा असतो, अन् त्याने काय खाऊन दिवस काढले ते विचारू नका.

मग भोईपुऱ्याच्या, गोकुळपेठेच्या बाजारात मिळतो तो?

तिथला रोहू-कतला बराचसा आंध्रच्या तळ्यांतून बर्फात येतो. बाकी आजूबाजूच्या तलावांचा अन् धरणांचा. विकणाऱ्याला सरळ विचारा, "ताई, लोकल आहे का बाहेरचा?" त्या सांगतात, खोटं सांगायचं काही कारण नसतं कारण लोकलला भाव जास्त असतो (हां, याच कारणाने कधीकधी बाहेरचाही लोकल होतो).

कोणता मासा जास्त धोक्याचा?

तीन गोष्टी बघायच्या: तो काय खातो, किती मोठा आहे, अन् किती वर्षांचा आहे. कतला वरच्या पाण्यातलं बारीक खातो, रोहू मधल्या थरात शेवाळ-वनस्पती, मृगल तळाशी चरतो. मरळ मात्र शिकारी. तो छोटे मासे खातो, छोट्यांनी किडे खाल्लेले असतात, किड्यांनी गाळ. प्रत्येक पायरीला पारा वाढत जातो कारण शरीर तो लवकर बाहेर टाकत नाही. म्हणून एकाच तलावातला अर्ध्या किलोचा रोहू अन् तीन किलोचा म्हातारा मरळ यांची तुलनाच होत नाही.

अंभोऱ्याला एका ढिवर काकांच्या डोंग्यात बसलो होतो, ते जाळ्यातून एकेक मासा काढून हातातच त्याची जात, वय, कुठल्या बाजूने आला हे सांगत होते. एक मृगल उचलला, कल्ला अंगठ्याने वर केला अन् म्हणाले, "हे पाय बाबू, हा तळाचा गाळ खाते, याचा कल्ला कसा काळपट आहे, अन् तिकडच्या धारेतला लाल राहते." मी वहीत लिहिलं. कल्ल्याच्या रंगावरून शिसं मोजता येत नाही हे खरं, पण कुठून सॅम्पल घ्यायचं हे त्या एका वाक्याने जेवढं कळलं तेवढं नकाशावरून कळलं नसतं.

नागपुरात समुद्र नाही, कारखान्यातून पारा सोडत नाहीत, मग पारा येतो कुठून?

कोळशातून. कोळशात पारा अगदी थोडा असतो, पण कोराडी अन् खापरखेड्याच्या वीज केंद्रांत रोज जळणारा कोळसा थोडा नसतो. जळताना पारा वाफ होऊन चिमणीतून वर जातो, काही राखेला चिकटतो. वर गेलेला पावसाबरोबर खाली येतो, वावरात, तलावात, कुठेही. राखेत बाकीचेही धातू असतात. जुलै २०२२ मधे खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा ती राख शेतांत अन् नाल्यांत कशी पसरली ते आठवत असेल.

पण साधा पारा माशात फारसा साठत नाही. तलावाच्या तळाला जिथे ऑक्सिजन संपतो तिथले जिवाणू त्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, अन् तो मात्र मांसाला जाऊन बसतो. जपानच्या मिनामाताला १९५६ मधे जे उघडकीला आलं ते याच मिथाइल पाऱ्याचं प्रकरण, फक्त तिथे कारखाना थेट खाडीत सोडत होता. आपल्याकडे कोणी म्हणालं की "इथे मिनामाता झालंय" तर तसं काही नाही, प्रमाणाचा फरक प्रचंड आहे.

शेतीचा संबंध इथेही आहे. धानाच्या बांधीत महिनोन्‌महिने पाणी उभं राहतं, तिथेही हेच जिवाणू काम करतात. अन् नवीन धरणात जेव्हा शेती, झाडं, गवत बुडतं तेव्हा ते कुजताना या जिवाणूंची चंगळ होते. कॅनडाच्या धरणांत पाणी भरल्यावर माशातला पारा वाढला अन् खाली यायला दहा ते तीस वर्षं लागली असं नोंदलेलं आहे. गोसेखुर्दकडे बघताना हे डोक्यात ठेवावं लागतं.

हळद-मीठ लावून, चिंचेच्या पाण्यात ठेवून धुतलं की निघून जातं ना?

वास जातो. पारा जात नाही, तो प्रथिनांना बांधलेला असतो. उकळून, तळून, सावजी मसाल्यात घालूनही जात नाही, उलट पाणी उडाल्यामुळे ग्रॅममागे थोडा जास्तच दिसतो. डीडीटीसारखी जुनी औषधं मात्र चरबीत असतात, तर कातडी अन् पोटाची चरबी काढली तर ती कमी होतात. कॅडमियम काळीज अन् किडनीत जास्त, शिसं हाडात, कल्ल्यात, खवल्यात. म्हणून डोक्याचा रस्सा आवडणाऱ्यांनी कल्ले तेवढे काढून टाकावे. डोकं टाका असं मी म्हणणार नाही, घरात राहायचं आहे मला.

पेपरात "माशात चारपट विष" असं येतं, ते खरं असतं का?

यावर जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे.

पहिला प्रश्न विचारायचा: ओल्या वजनावर की सुक्या वजनावर? लॅबमधे मासा वाळवून मोजतात कारण ओल्या माशात पाणी कमीजास्त असतं. माशात साधारण ७५ ते ८० टक्के पाणी. समजा सुक्यावर २ मिलिग्रॅम प्रति किलो पारा आला, अन् पाणी ८० टक्के धरलं, तर ओल्यावर तो ०.४ झाला. सरकारी मर्यादा ओल्या माशाची असते, तुम्ही बाजारातून ओला मासाच घेता. आता २ हा आकडा घेऊन ०.५ च्या मर्यादेशी लावला की झाला "चारपट", अन् प्रत्यक्षात तो मर्यादेच्या आत आहे. असं खूपदा होतं, अन् दर वेळी बातमीदाराचाच दोष असतो असं नाही, मूळ रिपोर्टमधेच कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

दुसरं, मांस मोजलं की काळीज? काळजात आकडा कितीतरी पट मोठा येतो अन् बातमी चांगली होते, पण काळीज कोण खातं.

तिसरं, किती मासे? पाच माशांची सरासरी म्हणजे सरासरी नव्हे. त्यात एक म्हातारा मरळ घुसला की सगळं वर.

चौथं, त्यांनी कोऱ्या नळ्या चालवल्या का, म्हणजे मासा न टाकता फक्त ॲसिड. आमच्याकडे दर वीस नळ्यांमागे दोन कोऱ्या असतात, अन् एक अशी ज्यातलं उत्तर आधीच माहीत आहे, विकत आणलेलं माशाचं पावडर. त्याचं उत्तर चुकलं तर पूर्ण बॅच फेकायची. कंटाळवाणं काम आहे पण भरवसा बसतो तो यामुळेच.

मग किती खाल्लं तर चालतं?

हिशोब सोपा आहे, स्वतः करून बघा. मिथाइल पाऱ्यासाठी जागतिक तज्ज्ञ समितीने आठवड्याला शरीराच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम ही मर्यादा दिली आहे. ६० किलोच्या माणसाला आठवड्याचे ९६. माशात ०.२५ मिलिग्रॅम प्रति किलो असेल, म्हणजे ग्रॅममागे ०.२५ मायक्रोग्रॅम, तर ३८४ ग्रॅम मासा झाला की कोटा संपला. पण माशात ०.०५ असेल तर जवळपास दोन किलो चालतो. शाकाहारी, लहान, लवकर वाढणारे मासे या दुसऱ्या गटाकडे झुकतात. गरोदर बायकांनी अन् लहान पोरांनी मोठे शिकारी मासे टाळावे, पण मासाच बंद करू नये, प्रथिनं अन् चांगली चरबी लागतेच. ढिवरांच्या घरी मात्र आठवड्यातून सात दिवस मासा असतो, त्यांचा हिशोब आपल्या रविवारच्या हिशोबापेक्षा वेगळा, अन् अभ्यास खरंतर त्यांच्या ताटापासून सुरू व्हायला पाहिजे.

आम्ही कापसावर फवारतो, त्याचा अन् तलावातल्या माशाचा काय संबंध? तलाव दोन किलोमीटर लांब आहे.

भाऊ, औषध हवेतून कमी अन् मातीबरोबर जास्त जातं. सायपरमेथ्रिनसारखी औषधं काळ्या मातीच्या कणांना घट्ट चिकटतात. फवारणी झाली, दुपारी आभाळ भरून आलं, पाऊस धो धो पडला, वरची माती नाल्यात. माणसाचं शरीर हे औषध बऱ्यापैकी तोडतं, माशाला ते जमत नाही, म्हणून लिटरमागे काही मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, एवढ्यातही मासे मरतात. झिंगे त्याहून आधी.

२०१७ च्या हंगामात बोंडअळीने कपाशी खाल्ली, फवारण्या वाढल्या, यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं फवारणीच्या विषबाधेने गेली. तेव्हा माणसं मोजली, ते बरोबरच होतं, पण त्या महिन्यांत नाल्यातले मासे कोणी मोजले असं मला आठवत नाही.

अन् जुनी औषधं विसरू नका. डीडीटी शेतीसाठी १९८९ मधे बंद झालं, एन्डोसल्फान सुप्रीम कोर्टाने २०११ मधे. पण डीडीटी तलावाच्या गाळात अजून निघतं, कारण ते सहज तुटत नाही. तुमच्या बाबांनी मारलेलं औषध तुमच्या पोराच्या माशात येऊ शकतं.

आमचा तर संत्र्याचा बगीचा आहे, आम्ही कीटकनाशक फारसं मारत नाही.

पण मोरचूद? काटोल-नरखेड पट्ट्यात डिंक्या येऊ नये म्हणून खोडाला बोर्डो पेस्ट लावतात, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, पावसाळ्याच्या आधी एकदा अन् नंतर एकदा. मोरचूद म्हणजे तांबं. तांबं तुटत नाही, वर्षानुवर्षं झाडाखालच्या मातीत साठतं. आपली माती चुनखडीची अन् चिकण, पाणी जड, म्हणून ते बरंच मातीतच बांधून राहतं. ही चांगली गोष्ट. वाईट ही की मातीच वाहून गेली तर तांबंही तिच्यासोबत. बगीच्यात गवताचं आच्छादन असेल अन् उताराला आडवा चर असेल तर नाल्यात जाणारा गाळ खूप कमी होतो, यात काही नवीन नाही, आजोबा लोकांना माहीत होतं.

पेस्टची बादली नाल्यात धुऊ नका, एवढं करा. पंपाचंही तेच.

"शेतजमिनीचा वापर बदलतोय" म्हणजे लेआउट पडतायत तेच ना?

ते एक. बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, जामठा, इकडे बुटीबोरीपर्यंत, जिथे वीस वर्षांपूर्वी तूर अन् ज्वारी होती तिथे आता सिमेंटचे खांब अन् "प्लॉट बुकिंग सुरू". पण वापर बदलणं म्हणजे तेवढंच नाही. ज्वारी गेली अन् सोयाबीन आलं, सोयाबीन परवडेना म्हणून पुन्हा पऱ्हाटी, कालव्याचं पाणी कमी पडलं म्हणून धानाच्या बांधीत दुसरं काही, हेही बदलच. प्रत्येक बदलाबरोबर नाल्यात जाणारी यादी बदलते.

वावर प्लॉट झालं की कीटकनाशक कमी होतं, लोकांना वाटतं सुटलो. पण आधी काळी माती खरडून मुरूम टाकतात, नाला पाइपात कोंबतात, पहिल्या पावसात तो सगळा गाळ खालच्या तलावात. मग घरं येतात, सेप्टिक टँक ओव्हरफ्लो, कपड्याचं साबण, रस्त्यावरचं ऑइल, टायर झिजून येणारं जस्त. बांधी असताना पावसाचं पाणी थांबत होतं, धुरा त्याला अडवत होता, आता ते अर्ध्या तासात नाल्यात. म्हणजे माशाला आधी वर्षातून चार-पाच वेळा औषधाचा झटका बसत होता, आता रोज थोडं थोडं सांडपाणी. कोणतं वाईट? माशानुसार, तलावानुसार. एका वाक्यात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

हे जमिनीचं सॅटेलाइटवरून कळतं म्हणे?

बरंच कळतं. युरोपचे सेंटिनेल उपग्रह दर पाच दिवसांनी फोटो देतात, दहा मीटरचा एक ठिपका, अन् फुकट. लँडसॅटचे तर १९७२ पासूनचे आहेत. एका फोटोवरून पीक ओळखणं कठीण, पण वर्षभराचे लावले की कळतं: सोयाबीन ऑक्टोबरपर्यंत निघतं, पऱ्हाटी डिसेंबर-जानेवारीपर्यंत हिरवी, संत्रा मे महिन्यातही हिरवा. पावसाळ्यात ढग असतात तेव्हा रडारवाला उपग्रह, त्यात पाणी भरलेली बांधी काळी दिसते.

फसतं कुठे? लेआउटवर. प्लॉट पाडून ठेवलेत, घर एकही नाही, वर गवत. उपग्रह म्हणतो पडीत. सातबारा म्हणतो तूर. मालक म्हणतो तीन हजार रुपये फूट. म्हणून बाइकवर जाऊन बघावंच लागतं. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, शेतकरी स्वतः फोटो टाकतो, त्याने बरीच मदत होते, जर फोटो त्याच वावराचा असेल तर.

सकाळी सकाळी तलावात मासे मरून तरंगतात. कोणी विष टाकतं का?

कधीकधी टाकतात. पण पहाटे मेलेले असतील तर आधी ऑक्सिजनचा संशय घ्या. शेवाळ दिवसा ऑक्सिजन बनवतं अन् रात्रभर खातं, सूर्य उगवायच्या आधी पाण्यात तो सगळ्यात कमी. त्यात सांडपाणी, उकाडा, ढगाळ दिवस. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील अन् मोठे आधी मेले असतील तर बहुतेक हेच. विषाने बहुतेक सगळ्या आकाराचे एकदम जातात, किडे अन् झिंगेसुद्धा, वेळेचा काही नेम नसतो.

विसर्जनाचा किती वाटा?

पीओपी अन् रंगातलं शिसं, आहेच. पण वर्षभराच्या सांडपाण्यापुढे लहान वाटा. कृत्रिम टाक्या चांगल्याच, फक्त त्या केल्या की तलाव स्वच्छ झाला असं समजू नका.

मामा तलावातले मासे तरी शुद्ध असतील ना?

माजी मालगुजारी तलाव भंडारा-गोंदियाकडचे, खूप जुने, खाली बांध्या अन् वर जंगल असं असायचं. वर अजून जंगल असेल तर चांगलंच. वर शेती आली असेल तर तलाव कितीही जुना असो, वरून जे येईल ते. तलावाचं वय विचारू नका, त्याच्या वर काय आहे ते विचारा.

सरकार काही करतंय का?

नाग नदीच्या प्रकल्पाचं भूमिपूजन ११ डिसेंबर २०२२ ला झालं, १९२५ कोटींहून जास्त खर्चाचा, त्याच दिवशी समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. रस्त्यावरून लोकं लगेच गाड्या पळवायला लागले. नदीचं तुम्हीच पुलावर उभं राहून बघा, नाक सांगतं.

मी माझा मासा तपासून घेऊ शकतो का?

हो. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे कोणताही ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. खाजगी मान्यताप्राप्त लॅबही करतात, पण धातू अन् औषधांचे पैसे वेगवेगळे लागतात, म्हणून आधी ठरवा काय शोधायचंय. "सगळं तपासा" म्हटलं की बिल बघून मासा सोडून द्याल.

सॅम्पल कसं न्यायचं ते सांगतो. पूर्ण मासा न्या, कापू नका, लांबी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजा, वजन करा, तारीख अन् पकडल्याची जागा चिठ्ठीवर पेन्सिलने लिहा कारण पेनची शाई बर्फात पसरते. स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत, वर बर्फ, थर्माकोलचा डबा. दोन-चार खवले वेगळे ठेवले तर वय काढता येतं, झाडाच्या खोडासारखी वलयं असतात. कामाला लागलो त्या पहिल्या वर्षी मी अंभोऱ्याहून नऊ मासे छान ओल्या पेपरात गुंडाळून आणले होते, बर्फ वितळला, शाई सगळी कातडीवर, अन् साहेबांनी डबा उघडून एकदा मासे बघितले, एकदा माझ्याकडे, अन् म्हणाले, "यात आता मासा मोजायचा का पेपर?" नऊच्या नऊ गेले. तर पेपरात गुंडाळू नका.